एकशेबारा गोड उत्तरं

सुगंधा राऊळ नुकतीच जेवून उठली होती. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा एवढं पोटात गेल्यावर कुडाळातलं कुठलंही शहाणं माणूस दुपारी आडवं होतं. सुगंधाही झाली असती. पण एक शोधनिबंध तपासायचा राहिला होता, आणि न वाचता ‘सहमत’चं बटण दाबायचं पाप तिनं एकोणीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. बाकीचे परीक्षक करत. त्यांना तरी नावं कशाला ठेवायची? त्यांच्याकडे येणारा प्रत्येक निबंध आधीच ‘पारखी’च्या हाताखालून गेलेला असे.

पारखी हे यंत्र. समाजावर, धंदाउद्योगावर जे जे संशोधन छापून येई, ते ते पारखी तीन सेकंदांत वाचून काढी. आकडेमोड बरोबर आहे का, संदर्भ खरे आहेत का, कुणाची उचलेगिरी आहे का, निष्कर्षाचं तोंड आकड्यांपेक्षा मोठं तर नाही ना, हे सगळं बघे आणि शंभरपैकी ‘विश्वासांक’ देई. विश्वासांक नव्वदच्या वर गेला की सरकारी निर्णय त्या निबंधावर आपोआप बेतले जात. बस कुठं वाढवायची, शाळा कुठली मिटवायची, सगळं. मंत्री बदलत, पण विश्वासांक कुणाला बदलता येत नसे. फक्त कायद्यात एक जुनी खुंटी राहून गेली होती: प्रत्येक निबंधावर एका जिवंत माणसाचा शेरा हवा. त्या खुंटीला सुगंधासारखे चार-दोनशे परीक्षक महाराष्ट्रभर टांगलेले होते.

त्या चार-दोनशेंत पदवी नसलेली ती एकटी. शिक्षण बारावी. संख्याशास्त्र शिकली ते गावातल्या वाचनालयाच्या पोटमाळ्यावर, एका निवृत्त मास्तरांनी दान दिलेल्या पुस्तकांतून. त्यांची मधली पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे काही सिद्धता तिला आजही अर्ध्याच येत. पण पानावर काय लिहिलंय याच्याआधी काय खाल्लं गेलंय ते बघायची खोड मात्र लागली. तिच्या अकराशे शेऱ्यांची पुण्यामुंबईपर्यंत जी काही जरब होती, ती या वाळवीची कृपा.

आजचा निबंध होता ‘किनारपट्टीच्या काजू उद्योगातील स्त्रिया : आरोग्य, समाधान आणि सेवांची गरज’. विश्वासांक शहाण्णव. निष्कर्ष असा की एकसष्ट हजार बायकांपैकी हातांची तक्रार अर्ध्या टक्क्यालाही नाही. काम मुख्यतः फावल्या वेळचं आणि आवडीचं. सबब सातेरीवाडीच्या ‘हातांच्या दवाखान्या’ची गरज उरलेली नाही. तो पुढच्या एक तारखेला बंद.

सातेरीवाडीचा दवाखाना सुगंधाला चांगला ठाऊक होता. तिची आई दर मंगळवारी तिथं जाई. काजू सोलायची यंत्रं येऊन जमाना झाला होता, पण अख्खा, न तुटलेला गर काढायला अजून बाईचाच हात लागे, आणि टरफलातलं तेल त्या हाताला आजही तसंच जाळी. तरीही सुगंधा चिडली नाही. आईला त्रास होतो म्हणून निबंध चूक, असं म्हणणारा परीक्षक उद्या मेव्हण्याचा फायदा होतो म्हणून निबंध बरोबर म्हणेल. ती शांतपणे पुढं वाचत गेली. तक्ता एक. तक्ता दोन. तक्ता तीन : वैवाहिक स्थिती.

विवाहित, सत्त्याऐंशी टक्के. अविवाहित, तेरा टक्के. विधवा, शून्य.

सुगंधा एवढ्या मोठ्यानं हसली की ओटीवर वाती वळत बसलेली तिची आई भागीरथी दचकली.

“काय झालां गो?”

“आये, काजूच्या कारखान्यात तुमच्यात विधवा बायलो किती होत्यो?”

“होत्यो म्हंजे?” भागीरथीबाई म्हणाल्या. “विधवाच तर होत्यो. जिचो घोव जित्तो, ती कित्याक हात जाळून घेतली?”

*

सुगंधाची मुलगी मैथिली पुण्याला होती. ज्या कंपनीनं या निबंधाला माहिती पुरवली होती, त्याच कंपनीत. निबंध कुणाचा हे परीक्षकाला कळत नसे, पण माहिती कुठून आली ते कळे, आणि ती जवळपास नेहमी ‘प्रतिगावा’तून आलेली असे.

“आई, तू पुन्हा माझ्या गावाला नावं ठेवायला फोन केलास ना?” पडद्यावर मैथिली चहाचा कप घेऊन बसली होती.

“तुझं गाव कुडाळ. ते तुझं सॉफ्टवेअर. मला एकदा सोपं करून सांग, त्यात बायका येतात कुठून?”

“शंभरदा सांगितलंय.”

“एकशे एकाव्यांदा सांग. म्हातारी झाले मी.”

मैथिलीनं सांगितलं. पूर्वी माणसांना काही विचारायचं तर दारोदार जावं लागे. वेळ जाई, माणसं कंटाळत, कुत्री मागं लागत. मग लक्षात आलं की आजवरच्या पाहण्या, विजेची बिलं, दवाखान्यांच्या नोंदी, जनगणना असं सगळं एका यंत्राला शिकवलं, तर ते त्या गावची खोटी पण हुबेहूब वागणारी माणसं उभी करतं. हे प्रतिगाव. मग त्या माणसांनाच विचारायचं. एका दुपारी एकसष्ट हजार मुलाखती.

“शितावरून भाताची परीक्षा,” सुगंधा म्हणाली.

“तेच. फक्त आम्ही शितावरून अख्खा भात पुन्हा शिजवतो.”

“आणि शीत नसेल तिथं?”

“शेजारच्या ताटातलं घेतो. म्हणजे, सगळ्यात जवळची माहिती.”

“मग माझ्या काजूवाल्या विधवा कुठं गेल्या?”

मैथिलीनं बोटं चालवली. तिच्या कपाळाला आठी पडली. जनगणनेत जिल्ह्यातल्या विधवा होत्या, भरपूर होत्या. पण काजू कारखान्याच्या मूळ पाहणीत एकही नव्हती. म्हणून यंत्रानं सरळ हिशेब केला होता: विधवा घरी बसतात आणि सधवा कारखान्यात जातात. सधवा म्हणजे नवऱ्याची कमाई आहे, म्हणजे हे काम आवडीचं. एका कोऱ्या रकान्यावर पायरी-पायरीनं माडी चढवली होती.

“मूळ पाहणी म्हणजे कुठली? उघड बघू.”

“आई, ती फार जुनी आहे. हातांबद्दल समोरासमोर विचारलेली तेवढी एकच. नंतर कुणी गेलंच नाही. गरज काय, प्रतिगाव होतंच की. हे बघ, जानेवारी दोन हजार दहा. सातेरीवाडी. एकशेबारा फॉर्म. सगळे एकाच प्रगणकानं भरलेत. नाव नाहीये, नुसता क्रमांक आहे. एकेचाळीस.”

 मागं ओटीवर वाती वळल्याचा, तळहातावर तळहात घासल्याचा कोरडा आवाज येत होता.

“आई? कट झाला का?”

“नाही,” सुगंधा म्हणाली. “एकेचाळीस म्हणजे मी.”

*

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. एका संस्थेनं कोकणपट्टीत पाहणी काढली होती आणि सातेरीवाडीतल्या कुठल्याही एकशेबारा काजूवाल्या बायकांचे फॉर्म तिच्या वाट्याला आले होते. बायका दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी चुलीपाशी. घरी गेलं की सासरा नाहीतर नवरा ओटीवर मांडी घालून उत्तरं द्यायला तयार. “तिका काय विचारतंस? माका विचार.” तीन आठवड्यांत नऊ फॉर्म भरले, तेही सगळे पुरुषांनी सांगितलेले. पाहणीवरचे पर्यवेक्षक होते उपेंद्र माईणकर, तेव्हा नुकते प्राध्यापक झालेले. ते फोनवर म्हणाले, “मला फॉर्म हवेत, सबबी नकोत.”

आणि मग संक्रांत आली. कारखान्याच्या मालकीणबाई दरवर्षी घरी हळदीकुंकू करत आणि कामावरच्या बायकांना आवर्जून बोलावत. पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या एका जागी! तिनं मालकीणबाईंची परवानगी काढली. त्यांनी कौतुकानं तिला खुर्चीसुद्धा दिली, आपल्या खुर्चीशेजारी.

बायका रांगेनं येत. हळद, कुंकू, अत्तर. तिळगूळ घ्या, गोड बोला. मग वाण, प्लास्टिकची एक हिरवी चाळण. आणि मग सुगंधाचा फॉर्म. हाताला काही त्रास? नाही हो. कामाबद्दल काही तक्रार? छे, सगळं बरंय. मालकीणबाई दोन हातांवर बसलेल्या, हातात त्यांनीच दिलेली चाळण, तोंडात त्यांचा तीळगूळ. एका बाईनं उत्तर देताना दोन्ही हात पदराखाली घेतले. सुगंधाला ते दिसलं. पण ‘पदराखाली हात’ असा रकाना फॉर्मात नव्हता.

एका दुपारी एकशेतीन फॉर्म.

हळदीकुंकवाला विधवांना बोलावणं नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच? तिची स्वतःची आई त्याच कारखान्यात काजू फोडायच्या कटरवर बसायची, आणि सुगंधा नऊ वर्षांची असल्यापासून विधवा होती. त्या दिवशी ती घरीच होती. सुगंधानं तिच्यासाठी कागदात बांधून तीळगूळ आणला. आईनं विचारलं, “सगळ्यो इल्यो?”

“सगळ्यो,” सुगंधानं सांगितलं.

*

“कुणाला सांगू नकोस,” मैथिली म्हणाली. ती आता पडद्याच्या फार जवळ आली होती. “आई, नीट ऐक. फक्त हा निबंध नाही पडणार. दोनशे चौदा निबंध या बीजावर, म्हणजे तुझ्या त्या मूळ पाहणीवर, उभे आहेत. माझी तीन वर्षं आहेत त्याच्यात.”

“आणि आजीची बोटं आहेत.”

“तुझं काय होईल? नियम माहितीये ना? ज्याची स्वतःची माहिती सदोष ठरली, त्याचं परीक्षकपद रद्द, आणि मागचे सगळे शेरे फेरतपासणीला. लोक काय म्हणतील?”

“बारावी पास बाई, निघाली ना शेवटी खोटी, असं म्हणतील.”

“मग?”

“मग काय. अर्धं खरं आहे. मी बारावी पास आहेच.”

मैथिलीनं फोन ठेवला. आईशी भांडताना ती कधीच निरोप घेत नसे. तेवढं एक सुगंधाकडूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. माईणकरांचा फोन आला. ते आता परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. सुगंधानं मूळ पाहणी उघडल्याची वर्दी पारखीनं त्यांना आपोआप दिली होती.

“सुगंधाताई, तुम्हाला मंडळावर कुणी घेतलं?”

“तुम्ही, सर. विसरले नाही.”

“कागद नसताना घेतलं. का? कारण तुमची नजर. त्या नजरेनं आता जरा दुसरीकडे बघा.” ते हसले. “बत्तीस वर्षांपूर्वी एका मुलीनं घाईत फॉर्म भरले. कोण भरत नव्हतं? तुम्ही ‘मत नाही’ असा शेरा मारा. तोही शेराच असतो.”

“आणि दवाखाना?”

“महिन्याला दोन रुग्ण नोंदलेत तिथं. दोन! मी आकड्यांशी भांडू शकत नाही.”

“मी भांडते ना. त्याच कामाला ठेवलंय तुम्ही.”

माईणकरांचा आवाज बारीक झाला. “ताई, तुम्ही चूक कबूल केलीत तर तुम्ही परीक्षक राहणार नाही. मग हरकत कुणाची? उडून जाईल ती.”

 “सर, माझं पद काढायला तुम्हाला सभा बोलवावी लागेल. सूचना, गणपूर्ती, चहा, बिस्किटं. हरकत दाखल व्हायला तीन सेकंद लागतात.”

 माईणकर म्हणाले, “आणि फॉर्म हवेत, सबबी नकोत, असं तुम्हाला कोण म्हणालं होतं, तेही लिहिणार का?”

“तुम्हाला आठवतंय तर,” सुगंधा म्हणाली. “नाही लिहिणार. कुणाला गाळायचं, ती चाळण माझ्या हातात होती.”

*

तरीही नुसत्या कबुलीनं भागणार नव्हतं, हे तिला कळत होतं. एका बाईची एक कबुली म्हणजे पुन्हा एकच शीत. पण कायद्यात आणखी एक वाट होती. ज्याचं उत्तर प्रतिगावाला शिकवलंय, त्याला ते उत्तर मागं घेता येई. मूळ पाहणीतल्या हयात माणसांपैकी निम्म्यांनी उत्तरं मागं घेतली, की ते बीज बाद. मात्र स्वतः येऊन, अंगठा लावून. चेहरा चालत नसे. खोटे चेहरे बनवणं एव्हाना पोरखेळ झालं होतं, म्हणून सरकारनं पुन्हा जुन्या अंगठ्याला मान दिला होता.

एकशेबारांपैकी एकेचाळीस बायका हयात होत्या. निदान एकवीस हव्या होत्या. सुगंधानं चार दिवस सातेरीवाडीच्या पाणंदी पालथ्या घातल्या. या खेपेला ती एकेकीच्या मागीलदारी बसली, एकेकटीशी बोलली, आणि पहिल्यांदा आपलं सांगितलं, मग त्यांचं विचारलं. कुणी हसल्या, कुणी रागावल्या. जनाकाकी, जिनं बत्तीस वर्षांपूर्वी हात पदराखाली घेतले होते, ती म्हणाली, “म्हंजे तेवा मी एकदा गोड बोललंय, आणि तां मशीन आजपर्यंत गोड बोलताहा? माज्या नावान?”

“व्हय काकी. एकसष्ट हजार बायलांच्या तोंडान.”

“मेल्याक लाज नाय,” काकी म्हणाली, आणि पातळ बदलायला आत गेली.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या पडवीत छत्तीस जणी जमल्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, खोबरेल तेलाचा वास, आणि सिस्टर फिलोमिना, ज्या वीस वर्षं या बायकांचे हात आपल्या हातात घेऊन मलम लावत होत्या. रुग्णांची नोंद करायचं सरकारी अंगठ्याचं यंत्र टेबलावर होतं, त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला.

“हे चालतं का, सिस्टर?”

“चालतं तर. नवीनच आहे अगदी,” सिस्टर म्हणाल्या. “महिन्यातून दोनदाच तर लागतं.”

पहिली बसली जनाकाकी. अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला आणि बाईच्या गोड आवाजात सांगितलं, “व्यक्ती आढळली नाही.”

“पुसून ठेवा, काकी.”

पुसून ठेवला. व्यक्ती आढळली नाही. डावा ठेवला. व्यक्ती आढळली नाही.

दुसरी. तिसरी. दहावी. पडवीत सुरुवातीला हशा होता, तो विरत गेला. काजूचं तेल कातडी जाळतं, नवी येते, पुन्हा जाळतं. तीस-तीस वर्षं हे झालं की बोटावरच्या रेषा परत यायचं सोडून देतात. अंगठे गुळगुळीत होते, नदीतल्या गोट्यांसारखे. फक्त तिघींचे जुळले. त्या पहिल्यापासून गर निवडायच्या टेबलावर होत्या, कटरवर कधी बसल्याच नव्हत्या. बाकी तेहतीस जणी सरकारदरबारी तिथं आलेल्याच नव्हत्या.

सुगंधा पायरीवर जाऊन बसली. एकवीस हव्या होत्या. तीन मिळाल्या.

“म्हणून तर माझी वही,” सिस्टर फिलोमिना तिच्याशेजारी येऊन टेकल्या. मांडीवर फुगलेलं, कोपरे दुमडलेलं रजिस्टर. “महिन्याला दोनशे येतात. अंगठा जुळून यंत्रात जातात दोन. मी वर लिहून कळवलं, तर म्हणाले, वही चालत नाही.”

आत जनाकाकीचा आवाज चढला होता. तिनं यंत्रासमोर दोन्ही पंजे धरले होते. “बघ, नीट बघ! हेका सुदीक कळला माका बोटां नाय ती. आणि तो तुमचो शाणो कागद म्हणता, हातांक काय एक झालला नाय!”

सुगंधा ताडकन उठली.

वाळवीनं काय खाल्लंय ते बघायचं. आयुष्यभर तिनं तेवढंच केलं होतं, आणि आत्ता, समोर तेहतीस वेळा खाल्लेलं पान असताना, ती उरलेल्या तीन अक्षरांसाठी रडत बसली होती.

“सिस्टर, हे यंत्र न जुळलेल्या खेपांची नोंद ठेवतं?”

“ठेवतं की. वेळेसकट. प्रत्येक बोटाच्या छायाचित्रासकट.”

“सगळ्यांना म्हणावं, उरलेली आठही बोटं लावा,” सुगंधा म्हणाली. “सावकाश. घाई नाही आज कसली.”

*

हरकत तिनं दवाखान्याच्याच टेबलावर बसून लिहिली. सवयीनं ती प्रत्येक वाक्य दोनदा वाचे. आज एकदाच वाचलं.

‘तक्ता सात म्हणतो, हातांच्या तक्रारी नगण्य आहेत. सोबत तेहतीस स्त्रियांच्या तीनशे तीस बोटांच्या नोंदी जोडल्या आहेत. यांतलं एकही बोट सरकारी यंत्राला ओळखता आलं नाही. यंत्र खोटं बोलत नाही, असं मंडळ नेहमी म्हणतं. आज माझंही तेच म्हणणं आहे.

‘तक्ता तीनमध्ये एकही विधवा नाही. कारण ही पाहणी संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाली, आणि तिथं विधवांना बोलावणं नसतं. ज्या बायका आल्या त्या मालकीणबाईंच्या समोर, त्यांचा तीळगूळ तोंडात घेऊन बोलल्या. वर्षातला तो एकच दिवस असा, की त्या दिवशी कडू बोलणं रीतीला धरून नाही. तोच दिवस मी निवडला. प्रगणक क्रमांक एकेचाळीस मी आहे.

‘बायकांनी गोड बोलावं हे शिकवायला यंत्राची गरज नव्हती, ते आम्हाला येत होतं. यंत्रानं फक्त ते एकसष्ट हजारांनी गुणलं.

‘माझे मागचे अकराशे सहा शेरे अवश्य तपासा. चुका निघाल्या तर कळवा. मला अजून शिकायचं आहे.’

तिनं बटण दाबलं. तीन सेकंद झाले. चार. दहा. पारखी इतका वेळ कधी घेत नसे. मग पडद्यावर ओळ उमटली: ‘या प्रकारचा पुरावा पूर्वी पाहिलेला नाही. विश्वासांक स्थगित. प्रत्यक्ष माणसांकडून पडताळणी होईपर्यंत या निबंधावरून कोणताही निर्णय घेऊ नये.’

सिस्टरनी ती ओळ पडवीत मोठ्यानं वाचून दाखवली.

“म्हंजे दवाखानो ऱ्हवलो?” जनाकाकीनं विचारलं.

“पडताळणीपर्यंत राहिला.”

“आणि तुझी नोकरी?”

“ती गेली, काकी.”

काकीनं तिच्याकडे बघितलं, आणि आपला गुळगुळीत, निबर हात तिच्या गालावरून फिरवला. “जावंदे,” ती म्हणाली. “तोंड ऱ्हवला ना?”

*

मंडळाची सभा झाली. गणपूर्ती झाली, बिस्किटंही झाली असावीत. सुगंधाचं पद रद्द झाल्याचं पत्र आलं, खाली डॉ. माईणकरांची सही होती आणि सहीखाली, हातानं लिहिलेलं, “अकराशे सहांपैकी पहिले चारशे तपासले. चूक नाही. अजून.” त्या ‘अजून’वर सुगंधाला हसू आलं. म्हातारा सुधारणार नव्हता, पण मोजत होता.

दोनशे चौदा निबंधांवर लाल खूण पडली. मैथिलीचा फोन महिनाभर आला नाही. आणि मग एका रविवारी, भर बारा वाजता, ती स्वतःच दारात उभी राहिली. हातात बॅग, बगलेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा. चेहरा अजून रागावलेलाच.

“कंपनी म्हणते, बीज नव्यानं गोळा करा,” ती चपला काढत म्हणाली. “कुणालाच येत नाही. दारोदार कसं विचारायचं ते आमच्यातल्या एकालाही माहीत नाहीये. मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला ते कसं करू नये हे पक्कं ठाऊक आहे.”

“जेवलीस?” सुगंधानं विचारलं.

“नंतर. आधी एक भरून बघते.” ती ओटीवर गेली. भागीरथीबाई वाती वळत होत्या. मैथिली त्यांच्यासमोर खाली बसली आणि सगळ्यात वरचा कागद पुढ्यात घेतला. मग आईकडे वळून, हळू आवाजात, “तू आत जा. उत्तर देताना ओळखीचं कुणी समोर असू नये. आत्ता लिहिलंय मी ते नियमात.”

सुगंधा आत गेली. पण दाराआड उभी राहिली. नियम लिहिला म्हणून कुठली आई पाळते?

“आजी, मी काही प्रश्न विचारणार आहे. खरं खरं सांगायचं. नाव?”

“भागीरथी विठू राऊळ.”

“वैवाहिक स्थिती?”

“घोव मेलो. पंचेचाळीस वर्सां झाली.”

पेनाचा आवाज झाला. रकाना भरला गेला. सुगंधानं दाराची चौकट घट्ट धरली.

“हातांना काही त्रास?”

भागीरथीबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे केले आणि नातीकडे बघितलं.

“आज संकरात नाय मां?”

“नाही गं आजी.”

“मगे लिही,” त्या म्हणाल्या. “कागद कमी पडतले.”